नभोवाणी आणि विनोदी चित्रपटगीत : सी. रामचंद्र यांच्या तीन गीतांच्या आधारे एक समीक्षात्मक अभ्यास

सारांश

विनोदी चित्रपटगीत हा हिंदी चित्रपटसंगीतातील लोकप्रिय, परंतु समीक्षेने उपेक्षिलेला प्रकार आहे. नभोवाणीवरून हे गीत ऐकले जाऊ लागले तेव्हा त्याचा पडद्यावरील दृश्य आधार गळून पडला आणि हास्यनिर्मितीची संपूर्ण जबाबदारी आवाज, शब्द आणि वाद्यमेळ यांच्यावर आली. प्रस्तुत लेखात संगीतकार सी. रामचंद्र यांच्या 'शहनाई' (१९४७), 'पतंगा' (१९४९) आणि 'आशा' (१९५७) या चित्रपटांतील तीन गीतांचा या दृष्टीने विचार केला असून १९५२ नंतरच्या नभोवाणी धोरणाने अशा गीतांविषयी घेतलेल्या भूमिकेचे मूल्यमापन केले आहे.

बीजशब्द : विनोदी गीत, नभोवाणी, रेडिओ सिलोन, हास्यरस, असत्प्रलाप, सी. रामचंद्र

प्रस्तावना

मराठी रसिकाच्या मनात सी. रामचंद्र यांचे नाव प्रामुख्याने दोन गोष्टींशी निगडित आहे. पहिली म्हणजे 'अनारकली' (१९५३) या चित्रपटातील अवीट गोडीच्या चाली आणि दुसरी म्हणजे २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्ली येथे लता मंगेशकर यांनी गायिलेले, कवी प्रदीप यांचे हुतात्म्यांना श्रद्धांजली वाहणारे गीत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे या गावी १९१८ साली जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकर यांच्या कर्तृत्वाचा गौरव करताना ही दोन शिखरे दाखविली जातात, ते योग्यच आहे. मात्र या गौरवात त्यांच्या विनोदी गीतांचा उल्लेख आला तर तो 'त्यांनी हलकीफुलकी गीतेही दिली' अशा एका वाक्यात उरकला जातो. या वाक्यातील 'ही' हा प्रत्यय लक्षणीय आहे. गंभीर गीत हे संगीतकाराचे खरे कार्य आणि विनोदी गीत ही त्याची गंमत, अशी एक अलिखित श्रेणी त्यामागे गृहीत धरलेली असते.

ही श्रेणी केवळ चित्रपटसंगीतापुरती मर्यादित नाही. मराठी समीक्षेने विनोदी लेखनाचा विचार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी आणि पु. ल. देशपांडे यांच्या निमित्ताने पुष्कळ केला आहे. परंतु तो बव्हंशी छापील विनोदाचा किंवा रंगमंचीय विनोदाचा विचार आहे. कानाने ऐकावयाच्या विनोदाची, त्यातही गायिलेल्या विनोदाची मीमांसा फारशी झालेली नाही. वस्तुतः विसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी घरांत जो विनोद सर्वाधिक वेळा ऐकला गेला, त्यात रेडिओवरील विनोदी गीतांचा वाटा मोठा होता. एखादे विनोदी पुस्तक फार तर दोनतीनदा वाचले जाते, विनोदी गीत मात्र वर्षानुवर्षे कानावर पडत राहते. पुन्हा पुन्हा ऐकूनही न विटणारा विनोद कसा घडतो, हा प्रश्न म्हणूनच वाङ्मयीनदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो.

हास्यरसाची श्राव्य बाजू

भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात हास्यरसाचे विभाव सांगितले आहेत. विकृत वेष व अलंकार, धार्ष्ट्य, लौल्य, कुहक, असत्प्रलाप, व्यंगदर्शन आणि दोषोदाहरण यांचा त्यांत समावेश होतो. ही यादी बारकाईने पाहिल्यास एक बाब ध्यानात येते. विकृत वेष, अलंकार आणि व्यंगदर्शन हे विभाव डोळ्यांनी ग्रहण करावयाचे आहेत. धार्ष्ट्य आणि लौल्य हे वर्तनातून, म्हणजेच मुख्यतः अभिनयातून प्रकट होतात. निखळ श्राव्य असा विभाव एकच उरतो, तो म्हणजे असत्प्रलाप, अर्थात असंबद्ध बडबड. नाट्यशास्त्र प्रयोगाचे शास्त्र असल्याने त्यात दृश्य विभावांना प्राधान्य मिळावे, हे स्वाभाविक आहे.

चित्रपटातील विनोदी गीतही मुळात दृश्य विभावांच्या आधाराने उभे राहते. गोपसारख्या नटाचा स्थूल देह, भगवानदादांची पदलालित्याची स्वतंत्र शैली, जॉनी वॉकर यांचा चेहरा यांमुळे प्रेक्षागृहात हशा पिकत असे. परंतु हेच गीत रेडिओवर आले की देह, वेष आणि चेहरा ही सर्व सामग्री नाहीशी होते. ज्या श्रोत्याने चित्रपट पाहिला आहे त्याला स्मरणाचा आधार असतो, पण लहान गावांतील आणि खेड्यांतील असंख्य श्रोत्यांनी मूळ चित्रपट पाहिलेलाच नसे. त्यांच्यापुरते गीत हीच संपूर्ण कलाकृती असे. तरीही ते हसत होते. याचा अर्थ असा की, टिकून राहिलेल्या विनोदी गीतांत दृश्याशिवाय हसविण्याची काही स्वयंपूर्ण योजना असली पाहिजे. ती योजना शोधणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

नभोवाणीची पार्श्वभूमी

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली आणि १९६२ पर्यंत ते या पदावर राहिले. अभिजात संगीताची उत्तम जाण असलेल्या केसकरांना चित्रपटगीतांचा वाढता प्रभाव चिंताजनक वाटत होता. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे अनुकरण आणि शब्दांचा उथळपणा हे त्यांचे प्रमुख आक्षेप होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ मोठ्या प्रमाणावर घटविण्यात आला, गीतांची निवड चाळणी लावून होऊ लागली आणि चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे जाहिरात करणे, या भूमिकेतून नावांचा उच्चारही थांबविण्यात आला. चित्रपट निर्मात्यांनी याला प्रत्युत्तर म्हणून गीतांच्या प्रसारणाची परवानगी काढून घेतली. परिणामी काही काळ ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

ही पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी प्रसारणासाठी कोलंबो येथे उभारलेल्या शक्तिशाली प्रक्षेपकाचा वारसा या केंद्राला लाभला होता आणि त्याच्या शॉर्टवेव्ह लहरी भारतभर पोहोचत होत्या. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम सुरू झाला. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज ऐकण्यासाठी रेडिओभोवती माणसे जमू लागली. प्रारंभी केवळ सात गीतांचा असलेला हा कार्यक्रम पुढे गीतांच्या लोकप्रियतेनुसार क्रमवारी लावणारा झाला. १९५६ च्या वार्षिक क्रमवारीत 'सी.आय.डी.' चित्रपटातील, मुंबई शहराची खिल्ली उडविणारे आणि पडद्यावर जॉनी वॉकर यांनी साकारलेले गीत अग्रस्थानी होते. विरहगीतांना व प्रेमगीतांना मागे टाकून एका विनोदी गीताने हे स्थान मिळवावे, ही बाब श्रोत्यांच्या अभिरुचीविषयी पुरेशी बोलकी आहे. त्याच केंद्रावरून रोज सकाळी जुन्या चित्रपटांतील गीतांचा कार्यक्रम होत असे. सैगल यांच्या गीताने संपणाऱ्या या कार्यक्रमामुळे १९५२ पूर्वीच्या गीतांनाही पुनर्जन्म लाभला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' ही सेवा सुरू केली आणि चित्रपटगीतांना अधिकृतपणे दार उघडले.

या दशकातील मराठी घराचे चित्र मोठे उद्बोधक आहे. १९५५-५६ या वर्षी पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' प्रसारित होत होते. रेडिओची पूजा करून, हात जोडून ते ऐकणारी मराठी कुटुंबे होती आणि त्याच रेडिओची सुई फिरवून बुधवारी सिलोन लावणारी तरुण मंडळीही अनेकदा त्याच घरातील होती. श्रोत्याला या दोहोंत विरोध जाणवत नव्हता. विरोध होता तो धोरणकर्त्यांच्या आणि अभ्यासकांच्या वर्गीकरणात.

'शहनाई'तील रविवारचे गीत

'शहनाई' हा पी. एल. संतोषी यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रदर्शित झाला. त्याची गीतेही संतोषी यांचीच होती. त्यातील रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे गीत स्वतः सी. रामचंद्र (चितळकर या नावाने), मीना कपूर आणि शमशाद बेगम यांनी गायिले आहे. साहेबी थाटाचा एक पुरुष प्रेयसीला परदेशी शहरे दाखविण्याचे, मद्य पाजण्याचे आणि कोंबडीची अंडी खाऊ घालण्याचे प्रलोभन दाखवितो. ती मात्र धर्माचा दाखला देत त्याला झिडकारते, असा या गीताचा आशय आहे.

पडद्यावर साहेबाचा वेष दिसतो. रेडिओवर तो दिसत नाही, म्हणून भाषेलाच वेषाचे कार्य करावे लागते. हिंदी वाक्यात खोचलेला वाराचा इंग्रजी शब्द म्हणजे जणू धोतरावर चढविलेली हॅट होय. भरताने सांगितलेला 'विकृत वेष' येथे शब्दरूप धारण करतो. पुरुषाच्या आणि स्त्रीच्या बोलण्याची भाषिक पातळीही मुद्दाम भिन्न ठेवली आहे. तो इंग्रजीमिश्रित बोलीत बोलतो, तर ती पौराणिक नाटकाला शोभेल अशा संस्कृतप्रचुर वळणाने उत्तर देते. दोन विसंगत भाषा एकाच ठेक्यावर समोरासमोर उभ्या ठाकल्यामुळे हास्य निर्माण होते. त्यासाठी चेहरा दिसण्याची गरज राहत नाही.

इंग्रजी सत्ता संपुष्टात आली त्याच दिवशी हा चित्रपट लोकांसमोर यावा, हा निव्वळ योगायोग होता. परंतु या योगायोगामुळे गीताला एक वेगळा अर्थ प्राप्त झाला. दीडशे वर्षे ज्या साहेबाची भीती बाळगली, त्याची नक्कल करणारा देशी साहेब येथे हास्यास्पद ठरला आहे. त्याचबरोबर धर्माच्या नावाने आकांत करणारी नायिकाही पूर्णपणे सुटलेली नाही. तिची भाषाही अतिशयोक्तीमुळे हास्याचा विषय होते. पाश्चात्त्यांचे अंधानुकरण आणि परंपरेचा अवास्तव अभिमान या दोन्ही टोकांना हे गीत एकाच वेळी चिमटा काढते. गीतात दोष नाही असे नव्हे. स्त्री ही एक तर धर्माची पुतळी किंवा उपभोगाची वस्तू, या पलीकडे तिचा विचार त्यात नाही. ही मर्यादा तत्कालीन विनोदाची सर्वसाधारण मर्यादा असली, तरी तिचे समर्थन करता येत नाही.

'पतंगा'तील टेलिफोन-गीत

'पतंगा' (१९४९) मधील रंगून व डेहराडून यांच्यातील दूरध्वनि-संवादाचे गीत राजेंद्र कृष्ण यांनी लिहिले असून शमशाद बेगम आणि चितळकर यांनी ते गायिले आहे. पडद्यावर निगार सुलताना आणि गोप यांच्यावर ते चित्रित झाले आहे. गीताचा आरंभ बोललेल्या संवादाने होतो आणि ट्रंक कॉल जुळल्यावर पतिपत्नी आपापली विरहावस्था एकमेकांना सांगतात.

भारतीय काव्यपरंपरेत विरही जनांचा निरोप पोहोचविण्याचे काम मेघ, हंस, भ्रमर, पोपट यांनी केले आहे. मराठी वाचकाला रामगिरीवरील, म्हणजे परंपरेने रामटेक मानल्या गेलेल्या पर्वतावरील यक्षाचे स्मरण येथे सहज होईल. 'पतंगा'तील गीत ही या दूतकाव्याच्या परंपरेची विसाव्या शतकातील विनोदी आवृत्ती आहे. येथे मेघाची जागा टेलिफोनने घेतली आहे. विरहिणीला ऋतूंचे भान असावे, हा जुना संकेतही कवीने पाळला आहे. फक्त श्रावण-भाद्रपदाऐवजी इंग्रजी महिन्यांची नावे येतात आणि थंडीचे महिने तिला उन्हाळ्यासारखे भासू लागतात. पती आपली दैना सांगताना पाटलोण जाऊन लुंगी आल्याचे आणि मिळेल ते शिळेपाके खावे लागत असल्याचे सांगतो. कालिदासाच्या यक्षाचे सुवर्णवलय कृश झालेल्या मनगटावरून गळून पडते, येथे पतीची पाटलोण गेली आहे. संकेत तोच, वस्तू मात्र क्षुद्र. विडंबनाची ही पद्धत मराठीत 'झेंडूची फुले'पासून परिचित आहे.

तथापि हे गीत केवळ विडंबन नाही. १९४२ साली जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून लाखो भारतीयांना परतावे लागले. त्यांपैकी असंख्य लोक जंगल व डोंगर तुडवीत पायी आले आणि कित्येकांचा वाटेतच अंत झाला. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तेथील भारतीयांचे भवितव्य अधिकच अनिश्चित बनले. त्यातच फाळणीने उत्तर भारतातील लक्षावधी कुटुंबांची ताटातूट केली होती. अशा काळात रंगूनहून एखाद्या स्त्रीला पतीचा आवाज ऐकू येणे ही गोष्ट श्रोत्यांच्या दृष्टीने निव्वळ गमतीची नव्हती. म्हणूनच या गीताच्या रचनेतील एक विशेष नोंदविणे आवश्यक आहे. विनोद आहे तो कडव्यांत. ध्रुवपद मात्र आठवणीने होणारी व्यथा साध्या शब्दांत सांगते, त्यात कोणतीही थट्टा नाही. प्रत्येक कडव्यानंतर श्रोता हसून पुन्हा त्या व्यथेपाशी येतो. शमशाद बेगम यांचा खुला, टणक आवाज या व्यथेला रडवी होऊ देत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

या गीताचे रेडिओशी असलेले नाते विशेष जवळचे आहे. टेलिफोन आणि रेडिओ या दोन्ही माध्यमांत देहाविना आवाज असतो. पडद्यावर दोन्ही पात्रे दिसत असल्यामुळे त्यांच्यातील अंतर ही मानण्याची गोष्ट राहते. रेडिओवर मात्र पत्नीला पती दिसत नाही आणि श्रोत्याला दोघेही दिसत नाहीत. श्रोत्याची अवस्था दोघांचे बोलणे चोरून ऐकणाऱ्या टेलिफोन ऑपरेटरसारखी होते. शॉर्टवेव्हवरील खरखर आणि मधूनच क्षीण होणारा आवाज हे एरवी प्रसारणाचे दोष होत, पण या गीतात ते ट्रंक कॉलच्या वास्तवात भर घालतात. चित्रपटगृहापेक्षा रेडिओवर हे गीत अधिक परिणामकारक ठरते, असे म्हणण्यास म्हणूनच आधार आहे.

'ईना मीना डीका' : अर्थहीनतेची प्रतिष्ठा

'आशा' (१९५७) या एम. व्ही. रामन दिग्दर्शित चित्रपटातील 'ईना मीना डीका' हे गीत किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे गायिले आहे. गीतकार येथेही राजेंद्र कृष्णच आहेत. या गीताच्या जन्माविषयी एक कथा सांगितली जाते. खेळताना राज्य कोणावर हे ठरविण्यासाठी मुले जो इंग्रजी बडबडमंत्र म्हणतात, तो ऐकून संगीतकाराला मुखडा सुचला आणि त्यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी त्याला 'मला नको' या अर्थाच्या कोंकणी शब्दांची जोड दिली. कथेतील तपशिलापेक्षा तिच्यातून सूचित होणारी प्रक्रिया महत्त्वाची आहे. इंग्रजी बालगीत, कोंकणी बोली, हिंदी चित्रपट आणि मराठी संगीतकार यांच्या संयोगातून कोणत्याच एका भाषेचे नसलेले गीत तयार झाले.

भरताचा 'असत्प्रलाप' येथे पूर्णत्वाला गेला आहे. पहिल्या दोन गीतांत हास्याला प्रसंगाचा आधार होता. येथे प्रसंगही नाही. अक्षरांची आघातयुक्त मांडणी, वाढत जाणारी लय आणि गायकाच्या श्वासाची कसोटी यांतूनच आनंद निर्माण होतो. शॉर्टवेव्हच्या खरखरीत एखाद्या भावगीतातील शब्द हरवला तर अर्थ हरवतो, या गीतात हरवण्याजोगा अर्थच नसल्यामुळे त्याचे काहीही बिघडत नाही. हिंदी न समजणारा श्रोताही ते हिंदी भाषकाइतक्याच अधिकाराने म्हणू शकतो. फ्रेंच विचारवंत हेन्री बर्गसाँ यांनी 'हास्य' (१९००) या ग्रंथात सजीवावर आरूढ झालेली यांत्रिकता हे हास्याचे कारण मानले. या गीतातील पुनरावृत्ती यांत्रिक आहे हे खरे, पण ती म्हणणारा कंठ इतका चैतन्यमय आहे की हसू यंत्राला येत नाही, यंत्रावर स्वार झालेल्या माणसाला येते. बर्गसाँच्या सूत्राला येथे दुरुस्तीची आवश्यकता भासते.

अर्थहीन अक्षरांच्या संदर्भात आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. हिंदुस्थानी संगीतातील तराणा हा प्रकार अर्थनिरपेक्ष अक्षरांवरच उभा आहे. सी. रामचंद्र यांचे संगीतशिक्षण गांधर्व महाविद्यालयात पं. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे झाले होते आणि विनायकबुवा तराणा गायनासाठी विशेष प्रसिद्ध होते. तराणा नभोवाणीवर सन्मानाने गायिला जात असताना चित्रपटगीतातील अर्थहीन अक्षरे उथळपणाचे लक्षण ठरत होती. अर्थात दोहोंत फरक आहे. तराण्यात रागविस्तार आणि लयकारीची शिस्त असते, ती दोनतीन मिनिटांच्या गीतात अपेक्षिता येत नाही. परंतु या गीताला दोष द्यावयाचा असेल तर तो सांगीतिक निकषांवर द्यावा लागेल. केवळ शब्दांना अर्थ नाही, या कारणावरून ते त्याज्य ठरविता येणार नाही.

आवाज आणि वाद्यमेळ

दृश्याविना हास्य निर्माण करण्यात वाद्यमेळाचाही वाटा मोठा आहे. सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात गोमंतकीय वादकांना महत्त्वाचे स्थान होते. हळदोणे येथील आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक, हे त्यांचे सहायक होते. 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतील गीतांत लॅटिन अमेरिकन व जॅझ शैलीचा जो प्रभाव दिसतो, त्यामागे या वादकांचा अनुभव आहे. विनोदी गीतात ट्रंपेट, क्लॅरिनेट किंवा बाँगो केवळ साथ करीत नाहीत, तर गायकाच्या ओळीवर जणू शेरा मारतात. तमाशातील सोंगाड्या ज्याप्रमाणे मुख्य पात्राच्या बोलण्यावर तिरकस प्रत्युत्तर देतो, तेच कार्य येथे वाद्ये करतात.

चितळकर यांच्या गाण्याचाही येथे विचार करावा लागतो. तो गाण्यापेक्षा बोलण्याला जवळचा आवाज आहे. स्वरांचा नखरा टाळून शब्द सरळ फेकण्याची ही रीत घरगुती संभाषणाची आहे. रेडिओ हे घरात बसून ऐकण्याचे माध्यम असल्याने असा आवाज श्रोत्याला परका वाटत नाही. तो त्याच्या सहज अनुकरणाचा विषय होतो. अनेकांनी ही गीते गुणगुणली ती याच कारणाने. कठीण गीत ऐकले जाते, विनोदी गीत मात्र ऐकणाऱ्याकडून म्हटलेही जाते.

आक्षेपांचा विचार

केसकरांच्या धोरणाची नंतरच्या काळात पुष्कळ थट्टा झाली. ती एकांगी आहे. संस्थानांचा राजाश्रय संपल्यावर अभिजात कलावंतांना उपजीविकेचे आणि प्रतिष्ठेचे साधन मिळवून देण्यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे. १९५२ साली सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि सुगम संगीताला मिळालेले उत्तेजन यांचा लाभ मराठी संगीतालाही झाला. 'गीतरामायणा'सारखा प्रकल्प चित्रपटगीतांनी व्यापलेल्या नभोवाणीवर कदाचित शक्य झाला नसता. बाजाराच्या हाती अभिरुची सोपवू नये, ही या धोरणामागील चिंताही खोटी नव्हती. रेडिओ सिलोनवरील लोकप्रियतेची मोजणी दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी होत होती, हे विसरता येत नाही.

धोरणाची चूक अन्यत्र होती. त्याने 'हलके' आणि 'हीन' या दोन शब्दांत फरक केला नाही. हलकेपणा हा रचनेचा गुण असू शकतो, हीनपणा हा तिचा दोष होय. टेलिफोन-गीत हलके आहे, पण त्यात स्थलांतराची वेदना सामावली आहे. ही वेदना गंभीर शब्दांत सांगणारी गीते त्या काळी नव्हती असे नाही, परंतु लोकांनी पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवले ते हसविणारे गीत. दुसरी चूक म्हणजे श्रोत्याला विद्यार्थी मानण्याची. श्रोत्याने रेडिओची सुई कोलंबोकडे वळविली, ती संस्काराला विरोध म्हणून नव्हे, तर जीवनाच्या ज्या बाजूला अधिकृत नभोवाणीत स्थान नव्हते ती ऐकण्यासाठी. साहेबाची नक्कल, परगावी गेलेला पती, महानगरातील फरफट आणि निव्वळ बालिश आनंद, या बाजू विनोदी गीतांनी मांडल्या. धोरणाने अभिजात व लोक अशा दोन कप्प्यांत संगीताची विभागणी केली. तिसरा, म्हणजे नागरी मध्यम व श्रमिक वर्गाच्या रोजच्या हसण्याचा कप्पा त्यात नव्हता.

अभ्यासक्रमांत व समीक्षेत हाच दृष्टिकोन अद्याप टिकून आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासात ओव्या, उखाणे, लावण्या यांना स्थान मिळाले, कारण त्यांच्या जुनेपणाने त्यांना प्रतिष्ठा दिली. नभोवाणीने रुजविलेले विनोदी गीत हे मौखिक परंपरेइतकेच लोकांच्या ओठांवर असूनही ते यंत्रातून आले म्हणून लोकसाहित्य नाही आणि विनोदी आहे म्हणून साहित्यही नाही, अशी त्याची स्थिती झाली आहे. ही गीते तबकड्यांच्या आणि आता संगणकीय प्रतींच्या रूपाने उपलब्ध आहेत. परंतु ती कोणत्या घरात, कोणासोबत, कशी ऐकली गेली, याची साक्ष देणारी पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. अमीन सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले. त्या श्रवणसंस्कृतीच्या आठवणी नोंदविण्यासाठी उपलब्ध असलेला काळ फार नाही, याची ही जाणीव आहे.

निष्कर्ष

१. नभोवाणीवर विनोदी गीताचा दृश्य आधार नाहीसा होतो. जी गीते केवळ नटाच्या अंगविक्षेपांवर अवलंबून होती ती विस्मृतीत गेली. ज्यांनी हास्याचे विभाव शब्द, आवाज आणि वाद्यमेळ यांत रूपांतरित केले ती टिकली.

२. 'शहनाई'तील गीतात भाषेने वेषाचे कार्य केले आहे, 'पतंगा'तील गीतात माध्यमच कथानक बनले आहे आणि 'आशा'तील गीतात असत्प्रलाप स्वयंपूर्ण झाला आहे. या क्रमाने विनोदी गीत उत्तरोत्तर अधिक श्राव्य होत गेल्याचे दिसते.

३. विनोदी गीताचा हलकेपणा हा आशयशून्यतेचा पुरावा नाही. स्थलांतर, भाषासंकर आणि नागरीकरण यांसारखे अनुभव त्यात नोंदले गेले आहेत.

४. १९५२ नंतरच्या नभोवाणी धोरणाने अभिजात संगीताचे रक्षण केले, परंतु विनोदी गीताचे मूल्यमापन न करताच त्याला वगळले. स्त्रीविषयक संकुचित दृष्टी यांसारखे या गीतांचे खरे दोषही त्यामुळे चर्चेत आले नाहीत, कारण जे विचाराच्या कक्षेबाहेर ठेवले जाते त्याची चिकित्साही होत नाही.

५. मराठी समीक्षेने श्राव्य विनोद हा स्वतंत्र अभ्यासविषय मानणे आवश्यक आहे. तसे झाल्यास सी. रामचंद्र यांच्या गौरवातील तो 'ही' हा प्रत्यय गळून पडेल आणि 'अनारकली'चा संगीतकार व 'ईना मीना डीका'चा संगीतकार ही एकाच प्रतिभेची दोन सारख्याच मोलाची रूपे म्हणून ओळखली जातील.